किती उंचावरून

बेबीताई तायडे यांच्याविषयी लिहायचं ठरलं तेव्हा त्यांनी दोन अटी घातल्या. गावाचं नाव घालायचं नाही आणि सुरुवात खिचडीपासून करायची. संस्थेतल्या कामापासून सुरुवात केली, तर वाचणाऱ्याला त्या आधीच चांगल्या बाई वाटतील आणि पुढचं सगळं तो त्यांना सूट देत वाचेल, असं त्यांचं म्हणणं होतं.

सत्त्याण्णव साल. संग्रामपूर तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याकडचं गाव. बेबीताई तिथल्या अंगणवाडीत मदतनीस होत्या. सेविका बाहेरगावाहून एसटीनं येत, कधी अकराला, कधी बाराला. झाडणं, पाणी भरणं, चूल पेटवणं, पोरांची नाकं पुसणं आणि खिचडी शिजवून वाढणं हे सगळं बेबीताईंकडे होतं. पस्तीस पोरं, पस्तीस जर्मनच्या ताटल्या. वाढताना त्या प्रत्येक पोराजवळ वाकायच्या, पळी ताटलीत टेकवायच्या आणि मग कलती करायच्या. उंचावरून टाकलं तर गरम शितं उडतात, हे नव्या मदतनिसांना त्याच शिकवायच्या.

त्या वर्षी पावसाळ्यानंतर मोतीराम माळ्यांची लेक चांगुणा माहेरी परत आली. मोतीरामांचा वांग्या-मिरच्यांचा मळा होता. चांगुणाचा नवरा ट्रकवर होता. जालन्याकडच्या तिच्या सासरी तो सहा महिने अंथरुणावर पडून वारला. कशानं वारला ते चांगुणाच्या आधी गावात पोचलं होतं. तिच्याबरोबर तीन वर्षांची मंजुळा होती. चांगुणा तिला सकाळी अंगणवाडीच्या दारापर्यंत आणायची आणि दुपारी न्यायला यायची. आत कधी यायची नाही.

चौथ्या दिवशी चार बाया बेबीताईंकडे आल्या. पुढे सोजराबाई होती, तिची दोन नातवंडं अंगणवाडीत होती.

"बेबे, त्या पोरीची ताटली येगळी ठेवजो बरं."

"तिले काय झालं? लेकरू तं हाय ते."

"तू डॉक्टर झाली काय वं? माय तशी तं पोरगी तशी. अन् पळी लागू देऊ नको तिच्या ताटलीले. तेच पळी आमच्या लेकराईच्या ताटात येते."

"नाही तं आम्ही उद्यापासून पोरं धाडत नाही," दुसरी म्हणाली. "मंग बस एकटीच खिचडी खात."

बाया हसल्या. बेबीताईही हसल्या. त्या हसल्या हेही लिहायचं, असं त्यांनी मला बजावून सांगितलं.

सेविका आल्यावर त्यांनी विचारलं. सेविका हजेरीतून मान वर न करता म्हणाल्या, "तू पाह्य बेबी. गावात तुले राह्यचं हाय, मले नाही."

दुसऱ्या दिवशी मंजुळाची ताटली दाराजवळ, पायपोसाच्या बाजूला होती. ती तिथे जाऊन बसली, कुणी सांगितलं नव्हतं. ताटली जिथे असेल तिथे बसायचं एवढंच तिला ठाऊक होतं. बेबीताई सगळ्यांना वाढून शेवटी तिच्याकडे गेल्या. वाकल्या नाहीत. पळी कमरेच्या उंचीवर धरली आणि तिथूनच सोडली. मंजुळानं ताटली सरळ करायला हात पुढे केला होता. खिचडीचा लोट तिच्या मनगटावर पडला. ती किंचाळली आणि रडत उभी राहून बेबीताईंच्या लुगड्याकडे झेपावली, जशी सगळी पोरं झेपावतात.

बेबीताई म्हणाल्या, "दूर सर."

त्यांनी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला, तोही जमिनीवर, आणि दोन पावलं मागे सरल्या. मनगट पाण्यात कसं धरायचं हे तीन वर्षांच्या पोरीला कळेना. तेवढ्यात दारात सावली पडली. चांगुणा त्या दिवशी लवकर आली होती. तिनं काहीच विचारलं नाही. पोरीला उचललं, तिचं मनगट तोंडाजवळ धरून फुंकर घालत निघून गेली. त्यानंतर त्या दोघी अंगणवाडीत आल्या नाहीत, आणि महिन्याभरात गावातूनही गेल्या.

गोष्ट गावभर झाली. बेबीताईंचे वडील जानराव तेव्हा हयात होते. ओसरीवर बसून असत, नजर अधू झाली होती. त्या भागात जमिनीखालचं पाणी खारं. गोड्या पाण्याची विहीर गावात एकच, ती मोतीरामांच्या मळ्यातली. जानरावांच्या लहानपणी विहिरीवरचा माणूस त्यांच्या वस्तीला वरून पाणी घालायचा, खाली ओंजळ धरायची. हे बेबीताईंनी वडिलांच्या तोंडून एकदाच ऐकलं होतं. पुन्हा सांगावं असं त्यांना वाटलं नव्हतं, आणि पुन्हा विचारावं असं बेबीताईंनाही.

त्या संध्याकाळी जानरावांनी लेकीला जवळ बोलावलं.

"पोरीले वाढलं म्हणते वरून."

"लोकाईनं सांगतलं, बाबा. मी काय करू?"

"किती उंचावरून?"

बेबीताई उठायला लागल्या.

"दाखव ना. मले दिसत नाही नीट. माह्या हाताले हात लावून दाखव."

त्यांनी वडिलांचा हात धरला आणि आपल्या कमरेशी नेला. जानरावांनी तो हात तिथेच थोडा वेळ ठेवला. मग म्हणाले, "आमच्या वेळी याच्याहून थोडं वर व्हतं." आणि काठी घेऊन बाहेर गेले. पुढे दोन वर्षं जगले, पण या विषयावर बोलले नाहीत.

चार वर्षांनी शेगावला एका संस्थेनं एचआयव्ही असलेल्या बायांसाठी काम सुरू केलं. गावोगाव फिरून त्यांच्या घरी जाणाऱ्या ताया हव्या होत्या. बेबीताईंनी अर्ज दिला. पश्चात्तापानं दिला असं लोक समजतात, पण त्या तसं म्हणू देत नाहीत. अंगणवाडीचं मानधन वेळेवर मिळत नव्हतं आणि शेगावला धाकट्या मुलाची शाळा होती, एवढंच.

काम मात्र त्यांना येत गेलं. घरात शिरल्यावर दार लोटायचं नाही. बाईपेक्षा खाली बसायचं, ती बाजेवर असेल तर जमिनीवर. हा रोग कसा झाला हे विचारायचं नाही; सांगेल तेव्हा ऐकायचं, नाही सांगितलं तरी यायचं. आणि गेल्या गेल्या पाणी मागायचं. त्या घरच्या भांड्यानं, तोंड लावून प्यायचं. सासरच्यांनी कप वेगळा ठेवलेल्या, अंथरूण गोठ्यात टाकलेल्या बायांना हे पाणी पिणं फार भिडायचं. एक म्हातारी तर बेबीताईंचा रिकामा गिलास हातात घेऊन बसून राहिली होती. संस्थेत सगळे म्हणत, पाण्याची ही युक्ती बेबीताईंची. ती कुठून सुचली हे कुणी विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही.

दोन हजार पाच सालच्या हिवाळ्यात तपासणी केंद्राकडून आलेल्या यादीत एक नाव होतं. चांगुणा, वय एकोणतीस, मुलगी एक, राहणार शेगाव. वजन चौतीस किलो. सीडी फोर नव्वद.

रोगाशी लढणाऱ्या पेशींचा हा आकडा दोनशेच्या खाली गेला की औषध सुरू करावं लागतं, हे बेबीताईंना पाठ होतं. नव्वद म्हणजे थांबायला वेळ नाही. औषधं तेव्हा जिल्ह्यात मिळत नव्हती. शेगावहून रेल्वेनं दुसऱ्या जिल्ह्यातल्या मोठ्या दवाखान्यात न्यावं लागे, तेही दर महिन्याला, न चुकता. आणि त्याआधी बाईला तयार करावं लागे.

ही केस दुसऱ्या ताईला देता आली असती. शेजारच्या टेबलाशी रुक्मिणीबाई बसत; त्या स्वतः याच रोगाच्या, कमी बोलणाऱ्या. बेबीताईंनी यादी त्यांच्यापासून थोडी लपवूनच घडी घातली.

चांगुणा एका लॉजवर चादरी धुवायची. मागच्या बाजूला पत्र्याची खोली होती. बेबीताई दारात उभ्या राहिल्या तेव्हा तिनं वर पाहिलं. आठ वर्षं झाली होती. बेबीताईंचे केस पिकले होते, चष्मा लागला होता, अंग सुटलं होतं. चांगुणाच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. बेबीताईंना सुटल्यासारखं वाटलं.

"मी संस्थेतून आली. पाणी देता काय प्याले?"

चांगुणानं गिलास भरला. हातात दिला नाही. जमिनीवर ठेवला आणि दोन पावलं मागे जाऊन उभी राहिली. हे ती सगळ्यांशीच करायची, हे पुढे कळलं. कुणाच्या हातात काही द्यायची सवयच राहिली नव्हती. बेबीताई वाकून गिलास उचलताना मात्र ते त्यांच्यासाठीच आहे असं समजल्या.

त्या तीनदा गेल्या. खोलीचं दार थंडीतही उघडं असायचं. तिसऱ्या वेळी चांगुणा आपणहून बोलली. नवरा गेल्यावर दिरानं तिला कडब्याच्या खोलीत कोंडलं होतं, नऊ दिवस. पोरगी बाहेर, ती आत. ताट दाराच्या फटीतून काठीनं सरकवायचे.

"काठी तरी लांब घ्यावी ना," ती म्हणाली, "आखूड काठी होती, दर खेपी भात सांडे." आणि हसली.

बेबीताईंना हसता आलं नाही. सांगायचं तर आता सांगावं असं वाटलं. पण सांगितलं तर ही दवाखान्यात येणार नाही, हे कारण त्यांना तोंडाशी तयार सापडलं. कारण खरंही होतं, म्हणून ते जास्त सोयीचं.

मंजुळा अकरा वर्षांची होती. तिची तपासणी झाली होती, तिला काही नव्हतं. आई वाढायला लागली की ती ताट ओढून घ्यायची. "मी घेतो हातानं." फक्त एवढं बोलायची.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी संस्थेची बैठक होती. तीसेक बाया जमत, आणि शेवटी सगळ्या मिळून जेवत. तिथे एक रीत पडली होती. नवी बाई आली की तिला पहिलं वाढायचं, आणि जी ताई तिला घेऊन आली तिनंच वाढायचं. कुणी ठरवून पाडलेली रीत नव्हती, पण बायांना ती फार प्रिय होती. चांगुणा पहिल्यांदाच बैठकीला आली होती. दुसऱ्या दिवशी सोमवारी तिला औषधासाठी न्यायचं ठरलं होतं, तिनं हो म्हटलं होतं. मंजुळाही बरोबर होती.

मी तेव्हा संस्थेत इतिवृत्त लिहायचं काम करत असे, त्या दिवशी भिंतीशी बसले होते.

पंगत बसली. बेबीताई भाताचं पातेलं घेऊन आल्या. चांगुणाला वाढलं. मग मंजुळाजवळ आल्या, गुडघे टेकले, पळी तिच्या ताटात टेकवली. मंजुळानं ताटावर हात आडवा धरला. बाही वर सरकली. मनगटावर पावलीएवढा पांढुरका डाग होता.

बेबीताई तशाच थांबल्या. मग पळी हातातून सुटली आणि त्या रडायला लागल्या. रडतच त्यांनी सगळं सांगितलं. अंगणवाडी, सोजराबाई, ताटली, कमरेची उंची, 'दूर सर'. वडील, मळ्यातली विहीर. हीच ती पोरगी, हीच तिची माय. तीस बायांसमोर त्यांनी मंजुळाच्या पायांवर डोकं ठेवलं. पोरगी सरकत गेली, पण मागे भिंत होती.

बाया रडत होत्या. कुणी बेबीताईंना धरलं, कुणी पाणी आणलं. "एवढं सांगाले लय हिंमत लागते, ताई." "तुम्ही देवमाणूस हा." संस्थेचे भाऊराव दारात उभे होते, त्यांनीही रुमाल काढला. मीही रडले. इतिवृत्तात मी लिहिलं, 'वातावरण भारावून गेलं.' चांगुणाकडे कोण पाहत होतं, मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की पंगत उठली तेव्हा दोन ताटं तशीच तिथे होती आणि त्या दोघी नव्हत्या.

बेबीताईंनी त्यांना बसस्टँडच्या वळणावर गाठलं. धाप लागली होती.

"चांगुणा, माफ कर माय. उद्याची गाडी साडेआठची हाय. मी घ्याले येतो."

"नका येऊ."

"मले ओळखलं नव्हतं ना तू?"

"पह्यल्याच दिवशी ओळखलं. पाणी मांगतलं तवाच. आवाज तोच हाय तुमचा." चांगुणा थांबली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "मी म्हटलं, राहू दे. बाई खाली बसते, दार लोटत नाही, दवाखान्यात नेतो म्हणते. मले कामाची हाय. मी पोरीलेही सांगतलं नव्हतं. तिले तं त्या डागाचं काही आठवतही नव्हतं. आंगावर काही सांडलं असंन लहानपणी, असं सांगतलं होतं मी."

मंजुळा थोडी पुढे जाऊन पाठमोरी उभी होती. दोन्ही बाह्या तिनं बोटांपर्यंत ओढून घेतल्या होत्या.

"तुमचं मन हलकं झालं," चांगुणा म्हणाली. "तुमचं मन हलकं कराले माही पोरगी नाही."

दुसऱ्या दिवशी साडेआठची गाडी चांगुणाशिवाय गेली. त्याच्या पुढच्या सोमवारीही.

बेबीताई खोलीपर्यंत जाऊन दोनदा परत आल्या. दारात उभं राहून विनवलं तर ते पुन्हा आपल्यासाठीच होईल, हे त्यांना कळत होतं. घरी बसलं तर बाई मरेल, हेही कळत होतं. शेवटी त्या भाऊरावांकडे गेल्या आणि म्हणाल्या, केस रुक्मिणीबाईंना द्या.

"असं कसं? उलट आता तर तुमचं नातं जुळलं," भाऊराव म्हणाले. "सगळ्या बाया रडल्या. मी तर म्हणतो हा प्रसंग वार्षिक अहवालात घ्यावा. नावं बदलून."

"ते पान निघालं तं मी नोकरी सोडीन."

"बेबीताई, रागावता काऊन? तुमचंच कौतुक आहे."

"त्याच्याचसाठी."

मग त्या रुक्मिणीबाईंच्या टेबलाशी आल्या. यादी पुढे ठेवली. काय झालं ते सांगायला लागल्या, तेव्हा रुक्मिणीबाई म्हणाल्या, "मी होती तिथं. सांगू नका आता. तिले काय लागते तेवढं सांगा."

"दार उघडं ठेवाचं. हातात काही द्याचं नाही, खाली ठेवाचं. पोरीले वाढाचं नाही, ते घेते आपल्या हातानं. अन् बैठकीचं नाव काढाचं नाही."

"तुमचं?"

"माहंही नाही."

रुक्मिणीबाई पाच वेळा गेल्या. काय बोलल्या ते कुणाला माहीत नाही; त्यांनी लिहूनही ठेवलं नाही. फेब्रुवारीच्या एका सोमवारी चांगुणा त्यांच्याबरोबर गाडीत बसली. वजन तोवर बत्तीसवर आलं होतं. ते दोन किलो बेबीताईंनी आपल्या नावावर धरले आहेत.

औषध लागू पडलं. पहिले दोन महिने उलट्या, अंगावर पुरळ, मग हळूहळू भूक. बेबीताईंना यातलं एकच कळायचं. सोमवारी संध्याकाळी रुक्मिणीबाई पिशवी टेबलावर ठेवत म्हणायच्या, "आली होती." बेबीताई मान हलवायच्या. एकदा त्यांनी न राहवून विचारलं, पोरगी शाळेत जाते का. रुक्मिणीबाई म्हणाल्या, "ते इचारू नका, ताई." त्यांनी परत विचारलं नाही.

बेबीताईंच्याही बाया चांगुणाच्याच दिवशी, त्याच गाडीनं जायच्या. बेबीताई त्यांना शेवटच्या डब्यात बसवायच्या, उतरल्यावर फलाटावर रेंगाळायच्या, दवाखान्यात रांगेच्या शेपटाला उभं करायच्या. त्यामुळे नंबर दुपारी लागायचा. बनाबाई नावाची साठीची बाई होती, पाय सुजलेले. तिनं एकदा विचारलं, "बेबीताई, आपण दर खेपी मांगून काऊन जातो वो? पुढं तं सारं मोकळं असते."

"गर्दी असते पुढं."

"कुठी हाय गर्दी? माह्ये डोये फुटले काय?"

बेबीताईंनी तिच्या पायांकडे पाहिलं. आपल्या लाजेचं ओझं ही म्हातारी सुजलेल्या पायांवर वाहते आहे, हे त्यांना तेव्हा दिसलं. त्यांनी बनाबाईचा हात धरला आणि सरळ पुढे निघाल्या.

पुढच्या बाकावर चांगुणा बसली होती. गाल भरले होते. अंगावर जांभळं पातळ होतं, मांडीवर औषधांचं पुस्तक, शेजारी पिशवी. तिनं बेबीताईंना पाहिलं, मग बनाबाईच्या पायांकडे पाहिलं. पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"बसा, आजी."

बनाबाई कण्हत बसली. "माय, जागा हाय अजून. बेबीताई, या ना वो, बसा."

चांगुणा समोरच्या भिंतीवरच्या पाटीकडे पाहत होती. ती सरकली नाही, आणि तिनं नकोही म्हटलं नाही. बाकावर एका माणसाची जागा मोकळी होती.

"बसा तुम्ही," बेबीताई म्हणाल्या, आणि नंबर पुकारेपर्यंत उभ्या राहिल्या.